न दुखावलेला डोळा

फ्रान्समधल्या कूव्रे गावात १८१२ साली तीन वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या कामाच्या खोलीत खेळत होता. वडील घोड्यांची खोगिरं, लगाम असलं चामड्याचं सामान शिवायचे. चामड्याला भोक पाडायची आरी पोराच्या हाती लागली, निसटली आणि एका डोळ्यात घुसली. तो डोळा गेला. इथवर अपघातच. पण पुढे दुसरा डोळाही सुजू लागला, आणि पाच वर्षांचा होईस्तोवर लुई ब्रेलला काहीच दिसेनासं झालं. त्या दुसऱ्या डोळ्याला आरीचं टोक शिवलंसुद्धा नव्हतं.

दोनशे वर्षांपूर्वीच्या मुलाचं निदान आज छातीठोकपणे कुणी करू नये. कदाचित जंतुसंसर्ग पसरला असेल. तरी नेत्रतज्ज्ञांनी ही हकीकत ऐकली की एक नाव हमखास निघतं: सिंपथेटिक ऑफ्थॅल्मिया. एका डोळ्याला खोल जखम होते आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, धडधाकट डोळ्याच्या आत दाह सुरू होतो. जुन्या काळचे सर्जन यावर एकच उपाय जाणत. जखमी डोळा दोनेक आठवड्यांच्या आत काढून टाकायचा, म्हणजे दुसरा वाचण्याची आशा. ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या आजाराचं नीट वर्णन केलं, तेव्हा त्यांचा संशय दृष्टीच्या नसेवर होता. हा दाह नसेवाटे या डोळ्यातून त्या डोळ्यात जात असावा, असं त्यांना वाटलं. आज आपण जाणतो की त्याची वाट रक्तातून आहे.

‘लस घेतली आणि डोळ्याला काहीतरी झालं’ ही तक्रार समजून घ्यायची तर सुरुवात या न दुखावलेल्या डोळ्यापासूनच करावी लागते. लस टोचतात दंडात. दंडाचा डोळ्याशी काय संबंध, हाच तर सगळा प्रश्न आहे.

१८७३ साली व्हान डोरेमाल नावाच्या डच डॉक्टरांनी उंदराच्या कातडीचा तुकडा कुत्र्याच्या डोळ्यात ठेवून पाहिला. डोळ्याच्या पुढच्या भागात, पाण्याने भरलेल्या पोकळीत. परक्या प्राण्याची कातडी शरीरात कुठेही लावली की थोड्या दिवसांत ती मरून गळून पडते. इथे ती बराच काळ तगली. पुढे १९४८मध्ये पीटर मेदावार यांनी सशांवर असेच प्रयोग केले आणि या प्रकाराला ‘प्रिव्हिलेज’ म्हटलं. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने डोळ्याला खास सवलत दिलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. घरात तान्हं बाळ झोपलेलं असलं की मोठी माणसं आपलं भांडण अंगणात नेतात, तसाच हा प्रकार आहे.

आणि सवलत हवीच. हात कापला तर सूज येते, पू होतो, खपली धरते, वण राहतो. काम अडत नाही. डोळ्याचा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड. आपण वाचतो, चेहरे ओळखतो ते त्याच्या मध्यावरच्या दीड मिलिमीटरच्या खळग्याच्या जोरावर. तिथे वण पडला तर संपलंच. म्हणून डोळा नाना तऱ्हांनी शांतता राखतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती इथे जास्त घट्ट असतात. आतल्या पाण्यात दाह दडपणारी रसायनं असतात. एखादी आक्रमक पेशी आत शिरलीच, तर डोळ्याच्या काही पेशी तिला मरणाची सूचना देतात आणि ती खरंच मरते. याहून अजब प्रकार वेन स्ट्रायलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. डोळ्याच्या पुढच्या पोकळीत एखादं परकं प्रथिन सोडलं, की तिथून त्याची खबर प्लीहेपर्यंत जाते आणि सगळं शरीरच त्या प्रथिनाशी नरमाईने वागू लागतं. प्रयोगातल्या प्राण्याची प्लीहा काढली, की नरमाई गायब. पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांखाली बसलेला हा अवयव डोळ्याच्या वतीने तडजोड करतो, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो.

तरी एक फट राहतेच. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. संरक्षणव्यवस्थेतल्या टी-पेशींचं शिक्षण तिथे होतं. शरीरभरच्या प्रथिनांचे नमुने त्यांना तिथे दाखवले जातात, त्यात डोळ्याच्या पडद्याचीही काही प्रथिनं असतात. स्वतःच्या शरीरावर उठू पाहणाऱ्या पेशी तिथेच मारल्या जातात. ज्या उंदरांमध्ये ही नमुने दाखवणारी जनुकं बिघडवली, त्यांचे डोळे दाहाने खराब झाले. पण चाळणी शंभर टक्के नसते. डोळ्याशी वैर धरू शकतील अशा थोड्या टी-पेशी निरोगी माणसाच्याही रक्तात फिरत असतात. एरवी त्यांना डोळा दिसत नाही, डोळ्याला त्या दिसत नाहीत. ब्रेलच्या बाबतीत, अंदाज खरा असेल तर, आरीने ही भेट घडवून आणली.

आरीशिवायही ती घडते. १९०६ साली फोग्ट, १९२६मध्ये हाराडा आणि १९२९मध्ये कोयानागी यांनी वेगवेगळ्या रुग्णांची वर्णनं लिहिली. पुढे कळलं की तिघे एकाच आजाराबद्दल बोलत होते. आधी ताप, डोकेदुखी, मान आखडणं. मग कानात गुंई आवाज. मग दोन्ही डोळ्यांच्या पडद्याखाली पाणी साचतं आणि दिसणं धूसर होतं. काही महिन्यांनी पापण्यांचे केस पांढरे, अंगावर कोडासारखे डाग. मेंदूची आवरणं, कान, डोळे, केस, कातडी यांना जोडणारा धागा कोणता? रंग. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी या सगळ्या ठिकाणी असतात, आणि शरीर नेमकं त्यांच्यावर उठलेलं असतं. आजार सरत आला की डोळ्याच्या मागच्या भागातला रंग इतका उतरतो की आतून तो केशरी-लाल दिसू लागतो. डॉक्टरी पुस्तकात त्याला चक्क मावळतीच्या सूर्याचं नाव आहे. जपान, चीन, भारत, दक्षिण अमेरिका इथल्या लोकांना हा आजार जास्त होतो. वेळेत भरपूर स्टेरॉइड मिळालं तर नजर बऱ्याचदा वाचते.

या घराण्यातला दुसरा आजार अगदी उलट स्वभावाचा. ली जँपोल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली त्याचं वर्णन केलं. रुग्ण बहुधा तरुण बाई. एका डोळ्यात अंधूक, बाजूला चमचम, नजरेत एक काळा ठिपका मोठा झालेला. सर्दी-तापासारखं काहीतरी नुकतंच होऊन गेलेलं. डॉक्टर आत बघतात तर पडद्याच्या खोल थरात फिकट पांढरे ठिपके विखुरलेले. आठवड्याभराने बघितलं तर काही गेलेले, काही नवे. ओसीटी नावाच्या यंत्रात प्रकाश टिपणाऱ्या पेशींची एक सलग उजळ रेघ दिसते; ती इथे तुटलेली असते. डॉक्टर औषध देत नाहीत. सहा ते दहा आठवड्यांत रेघ बहुतेक वेळा आपली आपण जुळते आणि ठिपके मागमूस न ठेवता जातात. नाव ‘मल्टिपल इव्हॅनेसंट व्हाइट डॉट सिंड्रोम’, म्हणजे लांबलचक. सगळे ‘म्यूड्स’ म्हणून मोकळे होतात.

एक खुलासा इथेच करून टाकतो. आपण ज्याला डोळे येणं म्हणतो, ती साथ, तो चिकटा, तो लालपणा डोळ्याच्या बाहेरच्या आवरणाचा. इथे चाललंय ते आतलं. बुबुळाचा रंगीत पडदा आणि त्याच्या मागे पसरलेला रक्तवाहिन्यांचा थर सुजला तर त्याला युव्हिआयटिस म्हणतात. पुढचा भाग सुजला तर डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सोसवत नाही. डॉक्टर स्लिट लॅम्पमधून एक मिलिमीटरचा प्रकाशझोत आत सोडतात आणि त्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशी चक्क मोजतात. सहा ते पंधरा दिसल्या तर एक प्लस, पन्नासच्या वर गेल्या तर चार प्लस. निरोगी डोळ्यात तिथे एकही नसायला हवी. मागचा भाग सुजला तर मात्र डोळा पांढराशुभ्र, दुखत नाही, नुसतं दिसेनासं होतं. हा प्रकार अधिक दगाबाज.

आता लस. म्यूड्स, फोग्ट-कोयानागी-हाराडा आणि साधा युव्हिआयटिस, या सगळ्यांच्या केस लसीनंतर नोंदल्या गेल्या आहेत. हिपॅटायटिस बी, फ्लू, एचपीव्ही, पीतज्वर, आणि अर्थातच कोविड. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनीही कोविड लसीनंतरच्या केस लिहिल्या आहेत. कोविडच्या आधी अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८४ ते २०१४ या तीस वर्षांच्या नोंदी चाळल्या तेव्हा लसीनंतरच्या युव्हिआयटिसचे २८९ रुग्ण सापडले. सर्वांत जास्त वेळा नाव होतं हिपॅटायटिस बीच्या लसीचं. कोविड लसीकरण सुरू झाल्यावर दीडेक वर्षातच ४० देशांतून १,०९४ केस अमेरिकेच्या नोंदवहीत आल्या.

आकडा ऐकून छातीत धस्स होतं. म्हणून दोन मिनिटं गणित करू.

युव्हिआयटिस लसीशिवायही होतो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका पाहणीत तो वर्षाला लाखामागे ५२ जणांना झाला. इतर काही पाहण्यांत वीस-पंचवीस जणांना. समजा एखाद्या शहरात एक कोटी लोकांना एकाच दिवशी नुसतं मिठाचं पाणी टोचलं. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांतल्या ११५ ते ३०० जणांना युव्हिआयटिस होणारच, कारण तो तसाही व्हायचा होता. त्यांतला प्रत्येक जण शपथेवर सांगेल की सुई टोचली आणि मग डोळा गेला. कुणीही खोटं बोलत नसेल.

आता याच गणिताची दुसरी बाजू. अमेरिकेच्या नोंदवहीत फायझरच्या लसीचा दर निघाला दहा लाख डोसमागे ०.५७. आणि निव्वळ योगायोगाने, तीन आठवड्यांत, दहा लाखांमागे अकरा ते तीस जण अपेक्षित! म्हणजे नोंदवहीत योगायोगाइतक्यासुद्धा केस पोचलेल्या नाहीत. याचा अर्थ लस डोळे बरे करते असा नव्हे. बहुतेक डॉक्टर आणि रुग्ण कळवतच नाहीत, एवढाच. त्यामुळे अशा नोंदवहीतला आकडा दाखवून ‘बघा किती झाले’ म्हणणारा आणि ‘बघा किती कमी झाले’ म्हणणारा, दोघेही सारखेच घाईत असतात. दुसऱ्या गटात पांढरे कोट घातलेले लोकही असतात, ते मला जास्त खटकतं.

मग कळायचं कसं? एक वाट म्हणजे सगळ्यांचीच नोंद असलेल्या ठिकाणी जायचं. इस्रायलमध्ये एका आरोग्यसंस्थेच्या २५ लाखांहून अधिक लस घेतलेल्या सभासदांचे कागद तपासले गेले आणि आधीच्या वर्षांच्या दराशी ताडून पाहिले. लसीनंतर युव्हिआयटिस किंचित जास्त निघाला: लाख माणसांमागे साधारण एक जादा केस. दक्षिण कोरियात ज्यांना पूर्वी युव्हिआयटिस होऊन गेला होता अशा पावणेपाच लाख लोकांकडे पाहिलं, तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या डोसच्या मधल्या काळात आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे धोका आहे, फार लहान आहे, आणि तो सगळ्यांना सारखा वाटलेला नाही.

दुसरी युक्ती मला फार आवडते. १९९५ साली पॅडी फॅरिंग्टन या संख्याशास्त्रज्ञाने लसींच्या सुरक्षिततेसाठीच ती मांडली. लस घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी केली की शंका उरतात. घेणारे म्हातारे असतील, आजारी असतील, डॉक्टरकडे जास्त जाणारे असतील. फॅरिंग्टननी सांगितलं, आजारी पडलेल्यांनाच फक्त घ्या आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच करा. लसीनंतरचे काही आठवडे एका बाजूला, त्याच माणसाचं उरलेलं वर्ष दुसऱ्या बाजूला. वय, जनुकं, सवयी सगळं आपोआप सारखं. आजार लसीलगतच्या आठवड्यांत गोळा झालेले दिसले तर पाणी मुरतंय.

पाणी मुरतं तेव्हा ते सापडतंही. कॅनडात २०००च्या शरद ऋतूत फ्लूची लस घेतलेल्या शेकडो लोकांचे दोन्ही डोळे चोवीस तासांच्या आत लाल झाले, सोबत खोकला, छातीत आवळल्यासारखं, काहींचा चेहरा सुजला. दोन दिवसांत बहुतेक जण बरे. हा युव्हिआयटिस नव्हता, सगळं बाहेरबाहेरचंच. पण केस प्रामुख्याने एकाच उत्पादकाच्या लसीकडे बोट दाखवत होत्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या लसीत नीट न फुटलेल्या विषाणूंचे गठ्ठे दिसले. पुढच्या मोसमासाठी उत्पादनाची रीत बदलली, आणि केस घटल्या.

आपल्याकडे दंडावर देवीच्या लशीची गोल खूण असलेली पिढी अजून घरोघर आहे. त्या लशीत जिवंत विषाणू असे. दंडावर फोड यायचा, तो खाजायचा; कुणी खाजवून तोच हात डोळ्याला लावला तर पापणीवर फोड उठायचा, कधी बुबुळालाही इजा व्हायची. लशीमुळे डोळ्याला अपाय झाल्याचा हा सरळसोट प्रकार. यात शंकेला जागाच नाही. आणि त्याच लशीने ज्या रोगाला हुसकावलं, त्या देवीने गावोगाव किती जणांचे डोळे नेले होते, ते जुन्या माणसांना सांगावं लागत नाही.

पण दंडातल्या सुईने पडद्यावर ठिपके कसे उमटावेत? इथे पुन्हा उंदीर. उंदराच्या कातडीखाली डोळ्याच्या पडद्यातलं नुसतं प्रथिन टोचलं तर सहसा काही होत नाही. तेच प्रथिन मेलेल्या क्षयजंतूंचा अंश असलेल्या तेलकट मिश्रणातून टोचलं, की दोन-तीन आठवड्यांत दोन्ही डोळे आतून सुजतात. डोळ्याला कुणी हात लावलेला नसतो. म्हणजे वैरी टी-पेशी असून भागत नाही, त्यांना कुणीतरी जोरात जागंही करावं लागतं. लसीत डोळ्याचं प्रथिन नसतं. पण जागं करण्याचं काम तर ती करतेच, ते तिचं कामच आहे. ज्याच्या अंगात आधीच अशा पेशी काठावर बसलेल्या असतील, त्याच्यात एखादी हाकेबरोबर उठत असेल, असा एक तर्क. दुसरा तर्क असा की विषाणूच्या किंवा लशीच्या एखाद्या प्रथिनाचा तुकडा डोळ्यातल्या प्रथिनाशी मिळताजुळता निघत असेल. दोन्ही अजून तर्कच आहेत. आणि जागं करणारी लसच हवी असंही नाही. अमेरिकेत रेचल कॅस्पी यांच्या प्रयोगशाळेने २०१५मध्ये दाखवलं की काही उंदरांमध्ये हे काम आतड्यातले जिवाणू करतात. अँटिबायोटिक देऊन ते कमी केले की डोळ्यांचा दाहही मवाळ होतो. आतड्यात चिथावणी आणि डोळ्यात दंगल! म्यूड्सच्या रुग्णाला लसीआधी सर्दी-ताप विचारतात तो उगाच नाही. फ्लू, कोविड, कांजिण्या हे आजार स्वतःच डोळ्याच्या आत दाह करू शकतात.

मोजणीत आणखी एक गोची आहे, कॅमेऱ्याची. बॉस आणि ड्यूटमन यांनी १९७५ साली एक आजार वर्णिला: नजरेच्या मध्याजवळ पाचरीच्या आकाराचा छोटा अंधार. रुग्ण कागदावर त्याचं चित्र काढून देतो, पण भिंगातून बघणाऱ्या डॉक्टरला फारसं काही दिसत नाही. पुढे ओसीटी आणि इन्फ्रारेड चित्रं आली आणि रुग्णाने काढलेल्या पाचरीच्याच आकाराचा गडद डाग पडद्यावर दिसू लागला. मग केस भराभर वाढल्या. कोविडनंतर झाल्या, कोविडच्या लसीनंतरही झाल्या. यांतल्या किती खरंच वाढल्या आणि किती आधीही होत्या, फक्त दिसत नव्हत्या, हे वेगळं काढणं अवघड आहे.

रुग्णाला यातलं काही नको असतं. त्याचा प्रश्न एकच: पुढचा डोस घेऊ का? बहुतेक नेत्रतज्ज्ञ आधी दाह शांत करतात. पुढच्या भागाचा असेल तर स्टेरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी करणारे थेंब, म्हणजे बुबुळ मागच्या भिंगाला चिकटत नाही. मागचा असेल तर गोळ्या, इंजेक्शनं. मग, ज्या रोगाची लस आहे तो रोग किती घातक आणि या डोळ्याचं किती नुकसान झालं, हे समोरासमोर ठेवून ठरवतात. म्यूड्ससारखा आपोआप जाणारा प्रकार असेल तर सहसा लस बंद करत नाहीत. प्रत्येक डोसनंतर तोच दाह परत आल्याच्याही थोड्या केस नोंदलेल्या आहेत. तिथे हात आखडता घेतात, कारण एकाच माणसात दोनदा-तीनदा तेच घडणं हा योगायोगाविरुद्धचा भक्कम पुरावा.

म्हणून डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना लस कधी घेतली ती तारीख आणि कोणती घेतली ते नाव सांगायचं, आणि त्याआधी ताप येऊन गेला असेल तर तेही. डॉक्टरांनी कळवलं तर ती केस लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना तपासणाऱ्या समितीपुढे जाते. तिथे जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता वापरतात. सुसंगत, विसंगत, अनिर्णित अशी खानी आहेत. डोळ्यांच्या असल्या केस कित्येकदा अनिर्णितमध्ये जातात, आणि त्यातही बी-१ नावाचं एक पोटखानं आहे: काळ जुळतो, पुरावा पुरेसा नाही, कदाचित लसीचा आजवर न कळलेला परिणाम असेल. त्या खान्यातले कागद फाइलबंद करायचे नसतात, एकत्र साठवायचे असतात. पुरेसे साठले की फॅरिंग्टनसारखी मोजणी करता येते. अडचण एवढीच की दवाखान्यात रांग मोठी असते आणि फॉर्म चार पानांचा वाटतो, त्यामुळे तो भरायचा राहून जातो.